आजोबांच्या पेटीतलं एकाच बाजूचं नाणं: टांकसाळीचा चाचणीचा नमुना असेल का?

पांझराकाठ

नमस्कार मंडळी. आमचं मूळ गाव साक्री तालुक्यात. मागच्या आठवड्यात जुन्या घराची धाब्याची खोली पाडायला घेतली, तेव्हा आजोबांची पत्र्याची पेटी निघाली. सोसायटीच्या पावत्या, अडकित्ता, गंजलेला वस्तरा आणि तळाशी चिंधीत गुंडाळलेलं एक चांदीचं नाणं.

एका बाजूला मुकुट घातलेला राजा, तोंड डावीकडे, भोवती इंग्रजीत पाचव्या जॉर्जचं नाव. दुसरी बाजू पूर्ण कोरी. साल नाही, रुपया लिहिलेलं नाही. कडेला दाते नाहीत. नेहमीच्या राजाछाप रुपयापेक्षा किंचित लहान वाटतं.

आता मुख्य गोष्ट. वडील सांगतात की आजोबांचे एक मामेभाऊ मुंबईला टांकसाळीत कामाला होते. टांकसाळी नवीन नाण्याचे नमुने पाडून बघतात आणि ते बाजारात येत नाहीत असं वाचलंय. आठव्या एडवर्डच्या अशा एका नाण्याला दहा लाख पौंड मिळाले म्हणे. तर हे त्यातलं असू शकेल का? आणि असे नमुने टांकसाळीबाहेर येतात तरी कसे?

केळीचा_घड

दहा लाख पौंड मिळाले की भरीत-पार्टी तुमच्याकडे. कळण्याच्या भाकरीसकट. बाकी चर्चा चालू द्या.

ठसेकरी

पांझराकाठ, घाई करू नका आणि नाणं घासू नका. चिंच, राख, टूथपेस्ट काहीही नको.

नमुन्यांबद्दल थोडं सांगतो. आधी चित्रकार मोठ्या आकारात प्लॅस्टरचं चित्र करतो. यंत्राने ते लहान करत पोलादी ठशावर आणतात. ठसा तयार झाला की तो उठतो कसा हे बघायला काही तुकडे पाडतात, कधी शिसं-कथिलासारख्या मऊ धातूत, कधी तांब्यात, कधी खऱ्या धातूत. एकाच बाजूचा ठसा तपासायचा असेल तर दुसरी बाजू कोरी राहते. म्हणजे 'एका बाजूचं नाणं' हा प्रकार जगात आहेच, तुमची शंका अगदीच हवेतली नाही.

पण अशा एकेका खऱ्या तुकड्यामागे सोनाराने किंवा कानसवाल्याने कोरी केलेली शेकडो नाणी असतात. कुणी अंगठीत बसवायला, कुणी लॉकेट करायला, कुणी मागे नाव कोरायला घासून घेतलेली.

एडवर्डचं म्हणाल तर तो जानेवारी १९३६ मध्ये गादीवर आला आणि ११ डिसेंबर १९३६ ला पायउतार झाला. नाणी नव्या वर्षात निघायची होती, ती राहिलीच. गंमत म्हणजे प्रत्येक नव्या राजाने आधीच्याच्या उलट दिशेला तोंड करायची तिकडची प्रथा. पाचवा जॉर्ज डावीकडे बघतो, म्हणून एडवर्डने उजवीकडे बघायला हवं होतं. त्याने हट्ट धरला की मीही डावीकडेच बघणार, केसांचा भांग त्या बाजूला आहे. नंतर त्याचा धाकटा भाऊ सहावा जॉर्ज आला तोही डावीकडेच बघतो, जणू मधे थोरल्या भावाने उजवीकडे बघून घेतलंच होतं.

तात्या_भुसावळ

११ डिसेंबरला राजा गेला आणि त्याच महिन्याच्या शेवटी आपल्या फैजपूरला काँग्रेसचं पहिलं ग्रामीण अधिवेशन भरलं. माझे वडील सावद्याहून पायी गेले होते. ते म्हणायचे, तिकडे राजा गादी सोडून गेला आणि इकडे आम्ही राजालाच घालवायला जमलो.

विषयांतर झालं, माफी असावी.

शिरपूरची_लेक

तात्या, अशी विषयांतरं रोज करा.

ठसेकरी

तात्यांना जोडून एक. एडवर्डचा चेहरा असलेलं नाणं हिंदुस्थानात निघालं नाही, पण त्याचं नाव असलेलं निघालं. कच्छ संस्थानच्या भूजच्या टांकसाळीने १९३६ च्या कोऱ्यांवर (कोरी हे कच्छच्या नाण्याचं नाव) त्याचं नाव घातलं. ब्रिटनच्या टांकसाळीत नमुने कपाटात पडून राहिले आणि इकडे भूजच्या बाजारात त्याच्या नावाच्या कोऱ्या खुळखुळल्या.

शिवाय ब्रिटनमध्ये एडवर्डच्या बारा कोनी पितळी तीन पेन्सचे काही नमुने नाणं टाकून चालणारी यंत्रं बनवणाऱ्यांना दिले होते, त्यांच्या यंत्रात बसतात का बघायला. त्यातले थोडे परत आलेच नाहीत. बाहेर कसे येतात विचारलंत ना, एक वाट ही.

सुवर्णनगरीकर

मी सराफीत आहे, जळगावात. महिन्याला दोन-तीन गिऱ्हाइकं 'टांकसाळीचं खास नाणं' घेऊन येतात. मी वजनकाटा पुढे करतो. राजाछाप रुपया म्हणजे बरोबर एक तोळा, ११.६६ ग्रॅम. झिजून झिजून ११.४ होईल, ११.३ होईल. त्याच्या फार खाली गेला तर कुणीतरी त्याला हात लावलाय.

चांदीतलं चाचणीचं नाणं असो की चालू, चकती कापताना वजन सहसा तेच ठेवतात. एका बाजूला चित्र उठलं नाही म्हणून चांदी कमी होत नाही. दादा, आधी वजन सांगा.

वाघूरचं_पाणी

हत्तीकडे बघा हत्तीकडे! पाचव्या जॉर्जच्या अंगरख्यावर एक बारीक हत्ती आहे. १९११ च्या रुपयावर त्याची सोंड इतकी आखूड आली की लोकांना ते डुक्कर वाटलं. मुसलमान समाजाने हरकत घेतली. सुमारे ९४ लाख पाडले होते, त्यातले ७ लाखांच्या आसपास बाहेर गेले, उरलेले वितळवले. १९१२ पासून हत्ती सुधारला. तुमच्या नाण्यावर साल नसलं तरी हत्ती असेल. सोंड मोजा.

पांझराकाठ

भिंग घेऊन बसलो होतो. हत्ती आहे. सोंड झिजलीय. माझी बायको म्हणते डुक्कर आहे, मुलगी म्हणते कासव. वजन उद्या धुळ्याला जाईन तेव्हा करतो.

केळीचा_घड

कासवछाप असेल तर डास पळतील, तेवढा फायदा.

मुंबईकर_खान्देशी

समजा ते खरंच चाचणीचं निघालं, तर ते तुमचं की सरकारचं, हा प्रश्न कुणी काढलाच नाही. अमेरिकेत १९७३ च्या शेवटी तांबं महाग झालं म्हणून १९७४ सालच्या ॲल्युमिनियमच्या सेंटचे पंधरा लाखांवर तुकडे पाडले. तिथल्या खासदारांना नमुने वाटले. नंतर योजना बारगळली, नाणी वितळवली आणि वाटलेले नमुने परत मागितले. काही परत आलेच नाहीत.

पुढची गोष्ट तुमच्यासारखीच आहे. डेन्व्हरच्या टांकसाळीत अधिकारी असलेल्या एकाच्या मुलाला वडिलांच्या सामानात असा सेंट सापडला. लिलावाची तयारी झाली. सरकार म्हणालं, हे आम्ही बाहेर दिलंच नव्हतं, परत करा. कोर्टकचेरी झाली आणि २०१६ मध्ये ते परत गेलं. म्हणून म्हणतो, फोटो टाकताना जरा विचार करा.

सातपुडा_वारा

पेटीत सापडलं ते आपलं. शंभर वर्षं सरकारला आठवण नाही आणि आता येणार मागायला? सरकारने जमा केलेल्या जमिनीचे पैसे अजून यायचेत आमचे.

मुंबईकर_खान्देशी

जमिनीचं दुःख समजतो भाऊ, पण नाण्याचं तसं नसतं. १९३३ चा अमेरिकेचा वीस डॉलरचा सोन्याचा गरुड घ्या. ४,४५,५०० पाडले. रूझवेल्टने सोनं लोकांच्या हाती ठेवायचं नाही असं ठरवलं आणि सगळे भट्टीत गेले. थोडे टांकसाळीतून चोरून बाहेर आले. त्यातला एक इजिप्तच्या फारूक राजाकडे पोचला. पुढे एकाच नाण्याला कायदेशीर मान्यता मिळाली, ते २००२ मध्ये ७५ लाख डॉलरवर गेलं आणि २०२१ मध्ये १ कोटी ८० लाखांच्या वर. आणि एका जवाहिऱ्याच्या वारसांकडे तिजोरीत दहा निघाले, ते सगळे सरकारने घेतले. कोर्टानेही सरकारचीच बाजू धरली. एकाला कोट्यवधी, दहांना शून्य.

आपल्याकडेही १८७८ चा निखात निधी कायदा आहे. जमिनीत पुरलेलं सापडलं आणि किंमत दहा रुपयांच्या वर असली तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. धाब्याच्या खोलीतली पेटी म्हणजे पुरलेलं धन नव्हे हे कबूल, पण भिंतीत हंडा सापडला तर लक्षात असू द्या.

सातपुडा_वारा

हंडा सापडला तर मी या धाग्यावर लिहीन असं वाटतं तुम्हाला?

अमळनेरची_माधुरी

पांझराकाठ दादा, कळकळीची विनंती. 'जुनी नाणी द्या, लाखो मिळवा' अशा जाहिरातीला फोटो पाठवू नका. माझ्या सासऱ्यांनी वैष्णोदेवीचं पाच रुपयांचं नाणं विकायला काढलं. समोरच्याने आधी नोंदणीचे पैसे घेतले, मग कर म्हणून, मग रिझर्व्ह बँकेची परवानगी म्हणून. साडेअकरा हजार गेले आणि नाणं अजून देव्हाऱ्यातच आहे. रिझर्व्ह बँकेने २०२१ मध्ये स्पष्ट सांगितलंय की जुन्या नाण्यांच्या खरेदी-विक्रीशी आमचा संबंध नाही आणि आम्ही कसलंही शुल्क घेत नाही.

वाघूरचं_पाणी

आणि ते तांदूळ ओढणारं नाणं? यावल-रावेर भागात कितीदा ऐकलं असेल. ईस्ट इंडिया कंपनीचं, एका बाजूला राम-सीता-हनुमान, साल १८१८ किंवा १६१६, चुंबकासारखे तांदूळ ओढतं, अमेरिकेची संस्था कोटीत घेते. कंपनीने राम दरबार कधी पाडलाच नाही. तीर्थक्षेत्रांवर विकायचे टोकन होते ते. १८१८ हे साल मात्र बेरकीपणे निवडलंय, त्याच वर्षी खान्देश इंग्रजांकडे गेला.

केळीचा_घड

आमच्या रेशनच्या तांदळाला नाण्याची गरज नाही, खडेच ओढतात एकमेकांना.

बाज_आणि_बुरुज

नमुने, चाचण्या सगळं ठीक, पण बाजारासाठी न पाडलेल्या नाण्यांत खान्देशचा मान फार मोठा आहे, ते कुणीच लिहिलं नाही. अकबराने खान्देशच्या फारुकी सुलतानांकडून असीरगड घेतला, जानेवारी १६०१. त्या विजयाची सोन्याची मोहर पाडली, टांकसाळीचं नाव असीर, आणि मोहरेवर एक बाज पक्षी. असा तुकडा नजराण्यासाठी असतो. हाट करायला कुणी तो घेऊन जात नाही. आज ती मोहर ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. अकबराने त्यानंतर मुलाच्या, दानियालच्या नावावरून प्रांताचं नाव दानदेश केलं, तेही चाललं नाही. थोडक्यात, नाव पाडलं पण चलनात आलं नाही.

शिरपूरची_लेक

दानदेश! हा शब्द आज पहिल्यांदा कळला. मग आम्ही 'दानदेशी' झालो असतो.

केळीचा_घड

दानदेशी वांगी. नको, खान्देशच बरं.

तात्या_भुसावळ

टांकसाळ जवळ हवी असेल तर चांदवडला होती. चांदवडी रुपया आमच्या आजीच्या तोंडी होता, 'चांदवडी घेऊ नका, बट्टा लागतो' वगैरे. आणि पाडूनही न चालणारं नाणं बघायला असीरला कशाला जायचं? दहा रुपयांचं नाणं घेऊन आठवडे बाजारात जा. रिझर्व्ह बँकेने २०१८ मध्ये सांगितलं की चौदाच्या चौदा प्रकार चालतात. मेथीवाल्या बाईने मला सांगितलं, 'बाबा, तुमच्या बँकेले सांगा मेथी लावाले.'

ठसेकरी

हाहा. मग सरकारही आता चलनात न येणारी नाणी मुद्दाम काढतंच की. २०१० मध्ये तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराची हजार रुपयांची, २०२३ मध्ये नव्या संसद भवनाची पंचाहत्तर रुपयांची, ३५ ग्रॅम वजन, निम्मी चांदी. ती फक्त संग्राहकांसाठी, टांकसाळीकडून विकत घ्यायची. पण त्यांना चाचणीचं नाणं म्हणत नाहीत.

चाचणीचं नाही पण पाडून बाजारात न पोचलेलं म्हणाल तर १९३९ चा सहाव्या जॉर्जचा रुपया. जवळजवळ शुद्ध चांदीचा शेवटचा. १९४० पासून चांदी निम्मी केली. १९३९ चे बाहेर फारसे आलेच नाहीत, म्हणून १९३८ चा घेऊन ८ चा ९ करणारे कारागीर तयार झाले. कुणी १९३९ दाखवलं तर आधी शेवटचा आकडा भिंगाखाली.

पांझराकाठ

वजन केलं. ४.३ ग्रॅम.

सराफाने व्यासही मोजून दिला, २७ मिलिमीटर. आणि त्यांनी भिंगातून दाखवलं की कोऱ्या बाजूवर एकात एक अशी बारीक गोल वर्तुळं आहेत, ग्रामोफोनच्या तबकडीसारखी. कडेला एका ठिकाणी करडा डाग आहे, तो कथलाचा असावा म्हणाले. मन खट्टू झालं.

सुवर्णनगरीकर

रुपया साधारण साडेतीस मिलिमीटरचा. म्हणजे कड पूर्ण गेली, दात्यांसकट. राजाच्या भोवतीची बारीक किनार दिसते का?

पांझराकाठ

नाही. अक्षरं थेट काठाला टेकलीत.

ठसेकरी

गोल वर्तुळं म्हणजे कानस नव्हे, लेथ. सोनार अंगठीसाठी घासतो तेव्हा आडव्या-उभ्या रेघा येतात. आणि अंगठीसाठी, लॉकेटसाठी कुणी कड इतकी काटेकोर गोल उतरवत नाही. हे दुसऱ्या कशात तरी बसवण्यासाठी उतरवलंय. कथलाचा डाग आहे म्हणजे बसवलंही होतं.

एक विचारू? तुमचे आजोबा छापा-काटा खेळायचे का?

शिरपूरची_लेक

आँ?

ठसेकरी

दोन रुपये घ्यायचे. एकाची रुपया लिहिलेली बाजू लेथवर आतून कोरायची, कड आणि दाते तसेच ठेवायचे, म्हणजे उथळ तबकडी तयार होते. दुसऱ्याची कड उतरवून तो अर्धा पातळ करायचा आणि त्या तबकडीत बसवून कथलाने चिकटवायचा. दोन्हीकडे राजा. कडेला दाते शाबूत, जोड किनारीच्या आत लपलेला. वजनही तोळ्याच्या आसपास. जत्रेतले खेळवाले वापरत. तुमच्याकडे आहे तो आतला तुकडा, असं मला वाटतं. मी चुकलो तर आनंदच आहे.

वाघूरचं_पाणी

शोले!!

सातपुडा_वारा

आजोबांवर आळ घेऊ नका. जुन्या माणसांनी असले धंदे केले नाहीत.

पांझराकाठ

दोन दिवस लिहिलं नाही, कारण घरात उलगडा चालू होता. सविस्तर सांगतो.

आजी ब्याण्णव वर्षांची आहे, ऐकू कमी येतं, पण आठवण खणखणीत. तिला विचारलं, आबा नाणं उडवायचे का? ती आधी हसली आणि मग पदराने तोंड झाकून हसतच राहिली.

आमची विहीर तीन भावांची सामाईक. आधी मोट, मग इंजिन, मग मोटार. पाण्याची पाळी दिवसाची कुणाची आणि रात्रीची कुणाची यावर दर हंगामाला भांडण. तेव्हा आबांनी, ते थोरले, तोडगा काढला की नाणं उडवायचं. 'राजा की रुपया?' आजी म्हणते, "तुन्हा आबा कायम राजाच मांगे." आमच्या घराने रात्री बारे धरल्याचं तिला आठवत नाही. धाकट्या दोघांनी थंडीत रात्र रात्र पाणी भरलं.

मामेभावांचंही कळलं. वडिलांनी आत्याला फोन लावला. ते टांकसाळीत कधीच नव्हते. मुंबईत कापड गिरणीत फिटर होते. घरी सांगताना गिरणीची टांकसाळ कधी झाली ते कुणालाच माहीत नाही. पण लेथ कुठून आली ते कळलं.

केळीचा_घड

मी या धाग्याला सलाम करतो. आबा जिंदाबाद.

सातपुडा_वारा

माझा शब्द मागे घेतो. पण भाऊ, धाकट्या आजोबांचे नातू हे वाचत असतील तर?

पांझराकाठ

वाचतायत. चुलतभावाने काल कौटुंबिक ग्रुपवर एवढंच लिहिलं की या रब्बीला दिवसाची पाळी त्यांची.

तात्या_भुसावळ

रास्त मागणी आहे, देऊन टाका.

मुंबईकर_खान्देशी

सरकार काही मागायला येणार नाही हे नक्की झालं. चुलतभाऊ येईल.

बाज_आणि_बुरुज

पांझराकाठ, खरे नमुने आणि जुनी नाणी बघायची इच्छा राहिली असेल तर नाशिकजवळ अंजनेरीला नाणेशास्त्राची संस्था आहे, तिचं संग्रहालय बघा. मुंबईला फोर्टात रिझर्व्ह बँकेचं चलन संग्रहालय आहे. मुलीलाही न्या, कासव कुठं दिसतं का बघेल.

सुवर्णनगरीकर

सगळं झालं, पण दुसरी अर्धी कुठाय? तबकडी? दोन्ही मिळून वजन करून पाहिलं असतं.

पांझराकाठ

पेटी पुन्हा उलटीपालटी केली, नाही सापडली. आज सकाळी आजी पूजेला बसली होती. देव्हाऱ्यात अष्टगंध ठेवायला तिची एक चपटी चांदीची तबकडी आहे, लहानपणापासून बघतोय. कडेला बारीक दाते. तिला न सांगता उचलली आणि उलटी केली.

खाली राजा. सोंड एकदम स्वच्छ.

वाघूरचं_पाणी

हत्ती की डुक्कर???

पांझराकाठ

हत्ती.

सुवर्णनगरीकर

अष्टगंध काढून वजन करा. पुसा, घासू नका.

पांझराकाठ

आजीने हात लावू दिला नाही. देवाचं आहे म्हणाली.